दाढ किंवा दाढी, जे लागू असेल ते

"खरं सांग, माझ्या दवाखान्यातून बायकांना दाढीचे मेसेज कोण पाठवतंय?"

ताईचा आवाज फोनमधून असा काही आला, की घरमालकाने फोन डाव्या कानावरून काढून उजव्या कानाला लावला. तसा डाव्या कानाला काही झाले नव्हते. दुखत होती ती डावीकडची अक्कलदाढ. पण दाढदुखीला शेजारधर्म फार. ती एकटी कधी दुखत नाही, कानाला आणि अर्ध्या डोक्यालाही सोबत घेते.

"कुठले दाढीचे मेसेज?"

"वाचून दाखवते. 'आपल्या दाढीला कीड लागली आहे. आज सकाळी दाढी मुळासकट उपटण्यात येईल. येताना काही खाऊन यावे.' हा कोणाला गेलाय माहितीये? शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना! आत्ता माझ्या खुर्चीत बसल्यात. तोंड उघडा म्हटलं तर हनुवटी झाकून घेतात."

"मी तोंड उघडलं ना, तर फार होईल म्हणावं त्याला!" मागून बाईंचा आवाज आला.

"आणि त्यांच्या आधीचे काका घरून गुळगुळीत दाढी करूनच आले. म्हणाले, उपटण्यापेक्षा हे बरं! तासाभरात हे नीट झालं नाही, तर मी स्वतः येऊन तुझ्या साहेबांना भेटते. भाऊ असलास म्हणून काय झालं?"

फोन बंद झाला. साहेबांचे नाव निघाल्याबरोबर घरमालकाची दाढ एकदम ठणकली.

घरमालक हे त्याचे ऑफिसातले टोपणनाव. स्वतःचे घर त्याला नव्हते. तो राहत होता त्या भाड्याच्या घरात नळ गळत होता आणि खरा घरमालक फोन उचलत नव्हता. पण ऑफिसात एका भल्यामोठ्या संगणकाच्या पोटात त्याने डझनभर गिऱ्हाइकांना जागा करून दिली होती. शिकलेली माणसे त्या जागांना कंटेनर म्हणतात. हा त्यांना बिऱ्हाडे म्हणायचा. प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळे दार, वेगळी किल्ली. शेजारी कोण राहतो, काय करतो, हे कोणाला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायची सोयही नाही. माणसांच्या वस्तीतही अशी व्यवस्था असती तर जग किती सुखी झाले असते, असे त्याला नेहमी वाटे.

सुरुवातीला प्रत्येक बिऱ्हाडाचा संसार अगदी वेगळा होता. घड्याळ, अक्षरांचे साचे, छपाईची अवजारे, टपालाची यंत्रणा, सगळे ज्याचे त्याच्याकडे. त्यामुळे संगणक भरत आला. घरमालकाने साहेबांकडे नवी डिस्क मागितली. साहेब म्हणजे कंपनीचे मालक, वापरलेली चहाची पिशवी दुसऱ्या दिवसासाठी खिडकीत वाळत घालणारे गृहस्थ.

"एका इमारतीत प्रत्येकाला वेगळी शिडी लागते का रे?" साहेब म्हणाले. "एक शिडी जिन्याखाली ठेवायची. ज्याला लागेल तो घेईल."

घरमालकाला ही गोष्ट एकदम पटली. त्याने सगळी अवजारे एका ठिकाणी गोळा केली, त्या जागेला कोठी असे नाव दिले आणि प्रत्येक बिऱ्हाडातून कोठीत उघडणारी एक खिडकी पाडून दिली. प्रत्येकाला वाटावे कोठी आपलीच आहे; प्रत्यक्षात सगळ्यांची मिळून एकच. कोठीला त्याने कुलूप असे घातले, की बघा, वापरा, पण हात लावू नका. हात लावायची किल्ली एकट्या घरमालकाकडे. निम्मा संगणक रिकामा झाला आणि साहेब आयुष्यात पहिल्यांदा हसले. मात्र हसता हसताच म्हणाले, "एक लक्षात ठेव. या महिन्यात माझ्यापर्यंत गिऱ्हाइकाची एक जरी तक्रार आली, तर कोठीही बंद आणि तूही बंद. नाही आली, तर तुझी नोकरी कायम."

महिन्याचा आज शेवटचा दिवस होता.

आणि आदल्या रात्रीच घरमालकाने, कोणी सांगितले नसताना, कोठीत एक शुद्धलेखन तपासणारा कारकून आणून बसवला होता. कारकून म्हणजे माणूस नव्हे, एक फुकट मिळालेला प्रोग्राम. कोणत्याही बिऱ्हाडातून मेसेज जावो की पाटी झळको, आधी तो कारकून वाचणार, चुका सुधारणार आणि मग बाहेर सोडणार. एकदा बसवला की सगळ्यांना लाभ! पण तो ज्याने कोणी बनवला होता, त्याला दाढी ठाऊक होती, दाढ ठाऊक नव्हती. बहुधा त्याच्या तोंडात पुढचेच दात असावेत. त्यामुळे 'दाढ' दिसली की कारकुनाला वाटे, बिचाऱ्याची वेलांटी राहिली. तो ती प्रेमाने लावून देई.

आता यावरचा शहाणा उपाय घरमालकाला ठाऊक नव्हता असे नाही. ताईच्या बिऱ्हाडात, कोठीच्या खिडकीवर, तिच्यापुरती एक खासगी फळी ठोकायची आणि त्या फळीवर 'दाढ' हा शब्द ठेवायचा. ताईच्या बिऱ्हाडाला आधी फळी दिसणार, मग कोठी. बाकीच्यांना फळीचा पत्ताही लागणार नाही. पण फळी ठोकायला दुपार झाली असती, आणि ताईने दिला होता एक तास. शिवाय दाढ अशी ठणकत होती, की विचार डोक्यात शिरायच्या आधीच गालातून परत जात होता.

ही दाढ ताईला दाखवली तर ती काढणार, हे नक्की होते. लहानपणी तिने त्याचा हलणारा दात पकडीने उपटला होता. दात निघाल्यावर कळले, की हलणारा तो नव्हे, त्याच्या शेजारचा. तेव्हापासून ताई दातांची डॉक्टर झाली आणि घरमालक तिच्यासमोर तोंड मिटून बोलायला शिकला. सुजलेला गाल झाकला जावा म्हणून त्याने हल्ली दाढीही चांगली भरघोस वाढवली होती.

तर घरमालकाने कोठीचे कुलूप उघडले आणि कारकुनाच्या कानात एवढेच सांगितले, की दाढी दिसली की तिची दाढ कर. कुलूप लावले. ताईचा मेसेज तपासला: 'आपल्या दाढेला कीड लागली आहे.' झकास! चहाचा गरम कप गालाला लावून तो खुर्चीत मागे रेलला.

चहा निवायच्या आत भावोजींचा फोन आला.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. त्यांचे केस कापायचे दुकान होते. डॉक्टरीणबाईंनी केस कापणाऱ्याशी लग्न केले म्हणून लोकांनी त्या वेळी भुवया उंचावल्या होत्या, पण विचार केला तर जोडा अनुरूप होता. दोघांच्याही धंद्यात माणसाला खुर्चीत मागे रेलवायचे, गळ्यात फडके बांधायचे आणि त्याला बोलता येत नाही तोवर आपण बोलून घ्यायचे. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर तिचा दवाखाना, खाली यांचे दुकान. आणि दोघांचीही बिऱ्हाडे घरमालकाच्या संगणकात.

"अरे, माझ्या दुकानात ही कसली माणसं आलीत?" भावोजींनी विचारले.

"गर्दी आहे का? चांगलंच आहे की."

"काय चांगलं? सगळी तोंडं उघडून बसलीत! बाहेर माझी पाटी बघ जरा काय म्हणतेय. 'कटिंगवर दाढ फुकट! वेदना नाहीत, गरम टॉवेल, गुळगुळीत काम!' एक आजोबा विचारतायत, फुकट आहे तर दोन काढून द्याल का? एक त्यांची आणि एक आजींची. आजींना घरून बोलावून घेतलंय!"

घरमालकाने कपाळावर हात मारला. तेवढ्यात फोनमधून जिन्यावरून उतरणाऱ्या चपलांचा आवाज आला आणि मग ताईचा.

"फुकट दाढ? फुकट? माझे पेशंट जिन्यातून परत खाली येतात, ते यासाठी होय? इतकी वर्षं घासून मी डॉक्टर झाले, आणि तू कंगवा धुऊन दाढा काढणार?"

"अगं, मी कशाला काढू? मला माझ्याच दातांची भीती वाटते!"

"मग हातात ती पक्कड कसली आहे?"

"ही केस कुरळे करायची आहे गं!"

"आजपासून मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. तुझ्या त्या मेहुण्याला सांग, मी थेट त्याच्या साहेबांकडे निघालेय."

"मी तरी कुठे बोलतोय? माझाही निरोप सांग त्याला!" भावोजी ओरडले, आणि फोन बंद झाला. तो कोणी बंद केला हे घरमालकाला कळले नाही, पण दोघांचे एकमत झालेली ती त्या सकाळची शेवटची गोष्ट होती.

फोन खाली ठेवतो न ठेवतो तो पुन्हा वाजला. या वेळी नाटक कंपनीचे दिग्दर्शक. त्यांच्या बिऱ्हाडात नाटकाची संहिता ठेवलेली असे आणि नटांना ती तिथूनच छापून मिळे.

"हे बघा, आज संध्याकाळी आमचा पहिला प्रयोग," दिग्दर्शक हळू, खचलेल्या आवाजात बोलत होते. "संहितेत आलंय, 'महाराज दाढ कुरवाळत म्हणतात.' आमचा महाराज मघापासून तोंडात बोट घालून संवाद म्हणतोय. प्रधानाला एक शब्द कळत नाही. तो सारखा विचारतो, काय म्हणालात महाराज? आणि ते संवादात नाहीये!"

"मग तुम्ही दाढी समजा ना."

"मी समजेन हो. महाराज समजत नाही. म्हणतो, नाटककारानं विचार करूनच लिहिलं असणार. नाटककाराला विचारावं, तर ते वारलेत. मला तुमच्या साहेबांचा नंबर द्या."

घरमालकाने फोनवरूनच दिग्दर्शकांची दाढी धरली. (कोणाची दाढी धरणे म्हणजे काकुळतीने विनवणे, आजच्या दिवशी हे सांगून ठेवलेले बरे.) पाच मिनिटांत करतो, साहेब झोपलेत, साहेबांचा फोन बिघडलाय, साहेब गावाला गेलेत, असे सगळे एका दमात सांगून त्याने फोन ठेवला.

आता आली का पंचाईत! दाढी परत आणावी तर मुख्याध्यापिकाबाई भडकणार. दाढ ठेवावी तर आजोबा-आजी खुर्ची सोडत नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे ताई साहेबांकडे निघालेली. शहाणा उपाय अजूनही तोच होता, फळीचा. पण घाईत माणसाला शहाणपण आठवत नाही, सवय आठवते. आणि घरमालकाला सवय होती सरकारी अर्ज भरायची. त्याच्या डोळ्यांपुढे आयुष्यभर भरलेले अर्ज तरळले आणि त्याने कोठी उघडून कारकुनाला सांगितले: दाढ दिसो की दाढी, तू आपले लिही, 'दाढ किंवा दाढी, जे लागू असेल ते'.

किती समतोल वाक्य! कोणाचा अपमान नाही, कोणावर सक्ती नाही. ज्याने त्याने आपापले बघून घ्यावे. घरमालकाने कुलूप लावले आणि ताईला वाटेतच गाठायला तो गाल धरून रस्त्यावर धावत सुटला.

चौकातच एका हवालदाराने त्याला अडवले. हवालदाराच्या हातात फोन होता. तो एकदा फोनकडे बघे, एकदा घरमालकाकडे.

"दाढी?" हवालदाराने विचारले.

"आहे," घरमालक म्हणाला. ती दिसतच होती.

"गालाला काय झालंय?"

"दाढ."

हवालदाराचा चेहरा खुलला. "सकाळपासून फिरतोय. आधी सूचनेत दाढी होती, मग दाढ झाली, आता दोन्ही. कोणाला हे आहे तर ते नाही, ते आहे तर हे नाही. दोन्ही असलेला तू पहिलाच!" आणि त्याने फोनवरची सूचना वाचून दाखवली. "'घड्याळाच्या दुकानातून भिंतीवरचे घड्याळ चोरीला गेले आहे. संशयिताला मोठी दाढ किंवा दाढी, जे लागू असेल ते, आहे.' तुला दोन्ही लागू आहे. चल."

पोलीस चौकीचा सूचनाफलकही आपल्याच एका बिऱ्हाडात राहतो, हे घरमालकाला त्या क्षणी आठवले.

"अहो, ते वाक्य मीच लिहिलंय!" तो कळवळून म्हणाला.

"म्हणजे कबुलीसुद्धा देतोस? वा!" हवालदाराने त्याचे मनगट धरले.

चौकीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूच्या बाकांवर दाढीवाले, दुसऱ्या बाजूच्या बाकांवर गाल धरून बसलेले. दोघांच्या मधे फौजदार डोके धरून बसले होते. आणि गालवाल्यांच्या बाकावर, जबड्याला रुमाल बांधून, साक्षात साहेब!

"साहेब, तुम्ही?"

"दाढ दुखत होती," साहेब कण्हत म्हणाले. "एका दुकानात कटिंगवर फुकट होती. केस कापून झाले, आणि दाढेची वेळ आली तेव्हा तो माणूस नाही म्हणाला. बाहेर पडलो तर यांनी धरलं. केस उगाच कापले गेले! काय एकेक खोट्या पाट्या लावतात लोक. कोण लिहून देतं यांना, मी शोधून काढणार आहे."

घरमालकाने मान खाली घालून दाढीत तोंड लपवले. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते असे.

फौजदारांनी उठून सगळ्यांना समजावले. "हे बघा, मला कोणाला डांबून ठेवायची हौस नाही. पण सूचना म्हणजे सूचना. ज्याला मोठी दाढ नाही आणि दाढीही नाही, तो संशयित नाही. त्याला मी या क्षणी सोडतो."

"असं तर तान्ही बाळंच सुटतील!" कोणीतरी ओरडले.

"बाळं घड्याळं चोरत नाहीत," फौजदार शांतपणे म्हणाले. मग घरमालकाकडे वळून म्हणाले, "तुझी केस जड आहे. घरच्या कोणाला बोलवायचं तर बोलव."

घरमालकाने विचार केला. खरे काय ते मोठ्याने सांगावे, तर साहेब दोन हातांवर बसलेले, नोकरी गेली. न सांगावे, तर चौकीतून सुटका करणारे माणूस जगात एकच, आणि त्या माणसाच्या पर्समध्ये पक्कड. नोकरी की दाढ? त्याने एकदा जिभेने दाढेला हलकेच शिवून पाहिले आणि ताईला फोन लावला.

ताई आली. भावोजीही आले. दोघे एकाच दारातून आत शिरले, पण एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांसारखे. दोघांच्या हातात आपापली पेटी होती. फौजदारांचे म्हणणे ऐकून घेतल्यावर, साहेबांकडे जायचे विसरून, ताईने भावाचा जबडा धरून दिव्याकडे वळवला.

"ही किती दिवसांची आहे? आणि माझ्यापासून लपवलीस? सगी बहीण दातांची डॉक्टर, आणि तू लवंग चावत फिरतोस?" तिचा आवाज रागाने सुरू झाला होता, पण शेवटी जरा ओला झाला. "या जंगलात मला गालसुद्धा दिसत नाहीये. यांना सांग, आधी दाढी काढायला."

"तिला सांग, काढतो. पण मधे मधे बोलायचं नाही," भावोजी म्हणाले आणि त्यांनी घरमालकाच्या तोंडाला साबण फासला.

"त्यांना सांग, डाव्या बाजूला हात हलका ठेवा. सूज आहे."

घरमालक निरोप सांगायला तोंड उघडणार, तो त्यात फेस गेला. तो खोकला, डोळे मोठे केले आणि दोन्ही हातांनी खूण केली, की आता तुमचे तुम्ही बघा.

मग ताई भिंतीकडे बघत म्हणाली, "टॉवेल गरम नाहीये."

"इथे पाणी तापवायला काही नाही," भावोजी वस्तऱ्याकडे बघत म्हणाले.

"माझ्या पेटीत थर्मास आहे."

"दे मग."

"घे ना, हात नाहीत का?"

आणि दोघेही हसले. फौजदारांनी त्यांच्याकडे बघून समाधानाने मान डोलावली. चौकीत तडजोड झाली की त्यांना बरे वाटे. घरमालकाची दाढी उतरली आणि पाठोपाठ ताईने सुई टोचून, पक्कड लावून, एका हिसक्यात दाढ बाहेर काढून त्याच्या तळहातावर ठेवली. घरमालकाने आधी घाबरत घाबरत जीभ फिरवून शेजारचे दात तपासले. सगळे जागेवर होते. इतक्या वर्षांनी ताईने नेमकी दुखणारी काढली होती! त्याचे डोळे भरून आले. थोडे दुखण्याने, बरेचसे बहिणीच्या मायेने.

"दाढ नाही, दाढीही नाही. सुटला!" फौजदारांनी जाहीर केले.

हे ऐकताच दोन्ही बाकांवरची माणसे एकदम उठली. दाढीवाले भावोजींपुढे, गालवाले ताईपुढे. आणि दोन्ही रांगांत न बसणारे एक गृहस्थ 'दोन्हीही काढा, उगाच शंका नको' म्हणून मधे उभे राहिले. साहेबांचा नंबर आला तेव्हा त्यांनी तोंड उघडण्यापूर्वी विचारून घेतले, "कटिंग झालंय माझं. म्हणजे फुकटच ना?" ताईने भावोजींकडे पाहिले, भावोजींनी ताईकडे, आणि ताई म्हणाली, "फुकट. पण शब्द बोलायचा नाही." तिने साहेबांच्या तोंडात कापसाचा एवढा मोठा बोळा कोंबला, की संध्याकाळपर्यंत त्यांच्यापर्यंत तक्रार आली असती, तरी त्यांना काही म्हणता आले नसते.

रांगेत शेवटी लांब कोट घातलेला एक दाढीवाला उरला होता. भावोजींनी त्याला बसवून मागे रेलवले आणि वस्तरा उचलला, तोच त्याच्या कोटातून टोले पडू लागले. पाच वाजले होते. सगळी चौकी शांतपणे उभी राहून टोले ऐकत राहिली. शेवटचा टोला पडल्यावर फौजदार म्हणाले, "याची दाढी राहू दे."

घरमालक मोकळा गाल घेऊन घरी पोहोचला. बायकोने दार उघडले, त्याच्याकडे नीट पाहिले, "ते अजून आले नाहीत ऑफिसातून," असे सांगितले आणि दार लावून घेतले. तोंडात कापूस असल्यामुळे स्वतःची ओळख पटवायला त्याला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेला. दाढ गेली होती, डोके साफ झाले होते. त्याने शांतपणे, जसे पहिल्याच दिवशी करायला हवे होते तसे, एकेका बिऱ्हाडात खासगी फळ्या ठोकल्या. ताईच्या फळीवर दाढ, भावोजींच्या फळीवर दाढी, महाराजांना दाढी, फौजदारांनाही दाढी. कोठीतली ती 'जे लागू असेल ते' वाली ओळ पुसून टाकली आणि कुलूप दोनदा ओढून पाहिले. असे नेटके काम त्याने जन्मात केले नव्हते.

दुपारी साहेबांनी आत बोलावले. त्यांचा गाल अजून फुगलेलाच होता.

"कोणी काढली?" साहेबांनी कसेबसे विचारले.

"माझ्या ताईनं, साहेब. आता बरं वाटतंय ना?"

"दाढ नाही रे! ओळ! ती ओळ कोणी काढली? सकाळपासून तीन तक्रारी आल्यात माझ्याकडे!"

"तीन? कोणाच्या, साहेब?" घरमालकाने विचारले.

"तुझी ताई आणि तिचा नवरा. त्यांनी म्हणे दोन्ही खुर्च्या शेजारी-शेजारी मांडल्यात. एका खुर्चीतून उठायचं, दुसरीत बसायचं. पाटी तीच हवी म्हणतात, लोक ती वाचूनच आत येतात. दुसरे ते दिग्दर्शक. काल त्यांच्या महाराजांनी आधी दाढ कुरवाळली, मग दाढी कुरवाळली, मग यातलं लागू कुठलं म्हणून प्रेक्षकांकडेच बघत राहिले. लोकांनी डोक्यावर घेतलं! आणि आज संहितेत परत नुसती दाढी. महाराज रुसून बसलेत. आणि तिसरे फौजदार. म्हणतात, आमच्या चौकीत चोर आजवर इतक्या सहज सापडला नव्हता. त्या शब्दांना हात लावू नका." साहेब दम खायला थांबले. "इतकी चांगली सामाईक ओळ, एकदा लिहिली की सगळ्यांना पुरते, आणि तू ती काढून प्रत्येकाला वेगळी फळी देतोस? एका इमारतीत किती शिड्या लागतात रे?"

"पण साहेब, तक्रारी..." घरमालक म्हणाला. "तुम्ही म्हणाला होतात, एक जरी आली तरी..."

"ते गेल्या महिन्याचं. गेल्या महिन्यात एकही आली नाही." साहेब नियमाला पक्के होते. "ओळ परत घाल. तुझं कायमचं पत्र टाइप करायला सांगितलंय."

घरमालक तरंगतच जागेवर आला. फळ्या उपटल्या, ओळ परत घातली, कोठीला कुलूप लावले. संध्याकाळी पत्र हातात पडले. कंपनीचेही एक बिऱ्हाड त्याच संगणकात होते, आणि तिथून निघणारा कागदही अर्थातच कोठीतल्या कारकुनाच्या हाताखालून येत असे. पहिले वाक्य वाचून घरमालकाचे मन भरून आले: त्याची नेमणूक कायम झाली होती. त्याने बायकोला फोन केला, ताईला फोन केला, भावोजींना फोन केला, आणि मग सावकाश खालच्या अटी वाचायला घेतल्या.

कामाची वेळ, जेवणाची सुट्टी, चहा एकदाच. सगळे नेहमीचे होते. शेवटची अट टापटिपीची होती, साहेबांनी वर्षानुवर्षे प्रत्येकाच्या पत्रात घातलेली:

'कर्मचाऱ्याने रोज सकाळी दाढ किंवा दाढी, जे लागू असेल ते, काढूनच कामावर यावे.'

घरमालकाने पत्र खाली ठेवले, आपल्या गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला आणि जिभेने उरलेल्या दाढा मोजायला सुरुवात केली.